मागच्या चाकांसाठी जागा

पॉन्टिॲकने १९६४ साली टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ क्युबिक इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन बसवून जीटीओ काढली. अमेरिकन मसल कारचा जमाना बहुतेक जण तिथून धरतात. इंजिनाची ताकद ३२५ हॉर्सपॉवर, आणि ती रस्त्यावर उतरवायची साडेसात इंची टायरांनी! सिग्नल सुटला की मागची चाकं जागच्या जागी फिरायची, रबर जळायचं, पण गाडी हवी तशी झेपावायची नाही. तेव्हापासून या गाड्यांचे मालक मागच्या मडगार्डखाली जागा शोधत आले आहेत.

कंपन्यांनीही हातपाय हलवले. १९६७ च्या सुमारास फायरस्टोनचे वाइड ओव्हल टायर आले, बसके आणि रुंद. इंजिनं मात्र त्याहून वेगाने वाढली. १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ ला एलएस-६ इंजिन घेतलं तर ४५० हॉर्सपॉवर मिळायची आणि रिम असायची ७ इंच रुंद.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर या गाड्या जुन्या बाजारात स्वस्त झाल्या आणि तरुणांच्या हाती आल्या. रुंद टायर मडगार्डला घासतो, मग गाडीच मागून उचला, असा तेव्हाचा खाक्या होता. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना लांब शॅकल लावायचे, हवेचे शॉक ॲब्सॉर्बर फुगवायचे. त्या काळच्या फोटोंवर माझा जीव आहे. पण उंच शॅकलमुळे मागचा भाग वळणावर डुलायचा, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून गाडी थरथरायची. दिसण्यासाठी मोजलेली ती किंमत फार होती.

मग कापाकापीचं युग आलं. १९७० मध्ये सुरू झालेल्या ड्रॅग रेसिंगच्या प्रो स्टॉक वर्गातल्या गाड्या पाहून तसंच रूप रस्त्यावर आणायची टूम निघाली. तिला प्रो स्ट्रीट म्हणत. गाड्या बांधणाऱ्या स्कॉट सुलिव्हनच्या १९६७ च्या नोव्हा गाडीने या पंथाला चेहरा दिला. मागची फरशी कापून काढायची, चॅसिस आत सरकवायची, फोर्डचा नऊ इंची एक्सल दोन्ही बाजूंनी आखूड करायचा आणि २१.५ इंच रुंदीचे मिकी थॉम्प्सन टायर बसवायचे. मागची सीट गेलीच. ओल्या रस्त्यावर एवढा रुंद टायर पाण्यावर तरंगतो, त्यामुळे पावसात गाडी बाहेर काढणं जिवावरचं काम. कारागिरी अफाट होती, पण गाडी चालवायची सोय संपली होती.

मला मनापासून पटतो तो त्यानंतरचा, मोजमापाचा मार्ग. १९६७ ते ६९ ची कॅमारो घ्या. चाक काढायचं, गाडीचा भार एक्सलवर ठेवायचा आणि हबच्या तोंडापासून आत पाट्यापर्यंत आणि बाहेर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायचा. मग रिम उपडी ठेवून तिच्या मागच्या कडांवर सरळ पट्टी आडवी धरायची आणि पट्टीपासून रिम हबला टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर घ्यायचं. याला बॅकस्पेसिंग म्हणतात. आठ इंची रिम कडांसकट नऊ इंच भरते, त्यामुळे साडेचार इंच बॅकस्पेसिंग असेल तर हबचं तोंड रिमच्या बरोबर मध्यावर येतं. २७५ चा (म्हणजे २७५ मिलिमीटरचा) टायर जवळजवळ अकरा इंच रुंद, म्हणजे दोन्हीकडे इंचभर बाहेर फुगणार. शिवाय वळणावर पाटे वाकतात, एक्सल थोडा बाजूला सरकतो. त्यासाठी जागा सोडली नाही तर टायरची बाजू सोलून निघते. मडगार्डची आतली कड रोलरने वर वळवली की बाहेर थोडी जागा सुटते.

त्याहून रुंद हवं असेल तर मिनी-टब. चाकाच्या खोबणीचा आतला पत्रा चॅसिसपर्यंत रुंद करतात, पाटे आत घेतात, आणि ३३५ चा टायर मूळ मडगार्डखाली बसतो. पण मागची पकड एवढी वाढवून पुढचे टायर अरुंदच ठेवले तर गाडी वळणात नाक बाहेर काढते. म्हणूनच जुनी गाडी वळणांवरही नीट चालावी म्हणून झटणाऱ्या, १९९० च्या दशकात जोर धरलेल्या प्रो-टूरिंग पंथाच्या मंडळींनी पुढची चाकं, ब्रेक आणि सस्पेन्शन सगळंच बदललं.

मूळ पत्रा शाबूत असलेली कॅमारो हाती असेल, तर कड वळवून २७५ वर थांबावं, असं माझं ठाम मत आहे. चांगला पत्रा पुन्हा मिळत नाही. मिनी-टब करायचा तर चाकाच्या खोबणी आधीच गंजून गेलेल्या गाडीला करावा. तिथला पत्रा नाहीतरी बदलायचाच असतो.