‘थांबलं की स्वस्त होतं’ : गेम कन्सोल आणि अनुमानातली उपाधी

मागच्या दोन व्याख्यानांत आपण न्यायदर्शनातलं अनुमान पाहिलं. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे. त्यावर काही जणांनी लिहून कळवलं, की सर, इतक्या शतकांत तुम्हा लोकांना दुसरं उदाहरण मिळालं नाही का? तक्रार रास्त आहे. म्हणून आज उदाहरण बदलतो. आज गेम कन्सोल घेऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र म्हणजे कन्सोल. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो ही त्यातली तीन मोठी घराणी. गाण्यातल्या घराण्यांपेक्षा कडक, कारण एकाची डिस्क दुसऱ्याच्या यंत्रात चालतच नाही. काही वर्षांनी प्रत्येक घराणं नवं यंत्र काढतं, आणि नवं यंत्र निघालं की घरोघरी वाद होतो. लगेच घ्यायचं, की थांबायचं? प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आलं, तेव्हा त्याची किंमत होती ४९,९९० रुपये. डिस्क न लागणारी आवृत्ती ३९,९९० रुपये. बऱ्याच घरांत हा महिन्याचा पगार असतो, किंवा त्याहून जास्त. तेव्हा प्रश्न पोरकट नाही.

‘थांबा’ म्हणणाऱ्यांचं अनुमान साधं असतं. नवं यंत्र सुरुवातीला महाग असतं आणि जुनं झालं की स्वस्त होतं. हेही तसंच यंत्र आहे. तेव्हा थांबा. या अनुमानाला पुरावा होता, आणि भरपूर होता. प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत आलं, ४९९ आणि ५९९ डॉलरला. लोकांनी डोक्याला हात लावला. २००९ मध्ये त्याचं सडपातळ रूप २९९ डॉलरला मिळू लागलं. म्हणजे तीन वर्षं थांबलेल्या माणसाला मोठ्या आवृत्तीच्या निम्म्या पैशांत यंत्र मिळालं. अशी उदाहरणं पाहतच एक अख्खी पिढी मोठी झाली. त्यामुळे ‘थांबलं की स्वस्त होतं’ हे त्यांना अनुमान वाटतच नाही, सृष्टीचा नियम वाटतो.

आता पुढचं ऐका. ज्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ न घेता शहाणपणाने थांबायचं ठरवलं, त्याला नोव्हेंबर २०२२ मध्ये तेच यंत्र ५४,९९० रुपयांना पडलं. जपानमध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या देशात, सुरुवातीची किंमत करासह ५४,९७८ येन होती. ती टप्प्याटप्प्याने वाढत २०२४ मध्ये ७९,९८० झाली. अमेरिकेत २०२५ मध्ये ४९९ चे ५४९ डॉलर झाले. आणि सगळ्यात मजेशीर गोष्ट निन्टेंडो स्विचची. हे यंत्र मार्च २०१७ मध्ये २९९ डॉलरला आलं होतं. त्याची धाकटी बहीण, स्विच २, जून २०२५ मध्ये बाजारात आली. त्यानंतर दोन महिन्यांनी, म्हणजे आठ वर्षं जुन्या झालेल्या थोरलीची किंमत अमेरिकेत वाढली. २९९ ची ३३९. मधूनमधून सणासुदीच्या सवलती आल्या आणि गेल्या, ते सोडा. छापील किंमत वर गेली हे खरं.

चार्वाक असते तर खुशीत हसले असते. त्यांचा आक्षेप हाच होता. तुम्ही पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी धूर आणि अग्नी एकत्र होते, कबूल. न पाहिलेल्या ठिकाणांचं काय? व्याप्ती, म्हणजे ‘जिथे जिथे हे, तिथे तिथे ते’ हा नियम, तुम्ही सिद्ध कसा करणार? अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम वेगळ्या वाटेने याच प्रश्नाशी आला. १९१२ मध्ये बर्ट्रांड रसेलने त्यात एक कोंबडी आणली. मालक रोज दाणे टाकतो, म्हणून उद्याही टाकणार असं तिला वाटतं, आणि एके दिवशी तोच मालक मान मुरगळतो. थांबून बसलेल्या गिऱ्हाइकाची अवस्था या कोंबडीइतकी वाईट झाली नाही. पाच हजार रुपयांवर निभावलं.

पण चार्वाकांपाशी थांबलो तर निर्णय घेता येत नाही. ‘भविष्याचं काहीच सांगता येत नाही’ हे बोलायला सोपं आहे. दुकानात उभं असताना त्याचा उपयोग शून्य. इथे नैयायिक कामाला येतात. ते म्हणतात, व्याप्ती मोडली तर ‘उपाधी’ शोधा. मागच्या वेळचं आठवा. धूर असेल तिथे अग्नी असतो, हे बरोबर. पण उलट, अग्नी असेल तिथे धूर असतोच का? तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत अग्नी आणि धूर एकत्र का दिसतात? लाकूड ओलं असतं म्हणून. ओलं इंधन ही उपाधी, म्हणजे लपून बसलेली अट. अट आहे तोवर नियम चालतो. अट गेली की नियम मोडतो, आणि आपण म्हणतो, ‘कमाल आहे, असं कधी झालं नव्हतं!’

तर कन्सोलच्या बाबतीत ओलं इंधन कोणतं? यंत्र जुनं होणं आणि किंमत उतरणं, या दोघांना जोडणारी अट कोणती?

पहिलं उत्तर सुचतं ते म्हणजे उत्पादनखर्च घटणं. प्लेस्टेशन ३ मधली मुख्य चिप आधी ९० नॅनोमीटरच्या प्रक्रियेने बनायची, सडपातळ रूपात ती ४५ वर आली. चिप लहान झाली की सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त चिपा निघतात. वीज कमी लागते, उष्णता कमी होते, मग पंखा लहान, डबा लहान, जहाजात जास्त डबे मावतात. खर्च सगळीकडून खाली येतो. प्लेस्टेशन ५ ची चिपही २०२२ मध्ये ७ नॅनोमीटरवरून ६ वर आली. पण आता लहान चिप पूर्वीइतकी स्वस्त पडत नाही. जोडीला महागाई आणि घसरलेला येन. इंधन सुकलं, धूर गेला.

पण तुमच्यातला एखादा कडक नैयायिक हात वर करील, आणि करावा. उपाधी अशी हवी, की साध्य जिथे जिथे आहे तिथे तिथे ती असलीच पाहिजे. आता निन्टेंडोचं थ्रीडीएस पाहा. हातात धरून खेळायचं यंत्र. अमेरिकेत २७ मार्च २०११ ला २४९ डॉलरला आलं आणि १२ ऑगस्टला १६९ वर उतरलं. पाच महिन्यांत उत्पादनखर्च एवढा कोसळत नाही. मग किंमत का उतरली? विक्री होत नव्हती म्हणून. म्हणजे आपली उपाधी दुरुस्त करावी लागते. किंमत उतरते ती विकणाऱ्याला उतरवणं परवडतं तेव्हा, किंवा भाग पडतं तेव्हा. प्लेस्टेशन ५ च्या वेळी यातलं काहीच नव्हतं. खर्च घटला नाही, आणि भारतात तर आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपत होती. रांग लागलेली असताना दुकानदार भाव कशाला उतरवील? आमच्या पिढीने बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावले आहेत. नंबर लागलेली गाडी शोरूममधून निघाली की वरचे पैसे घेऊन विकली जायची. तिथे टंचाई परवान्यांची होती, इथे चिपांची. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने चित्र तेच.

इथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि ती सहसा कोणी बोलत नाही. भाग पडून किंमत उतरली, तर ती स्वस्ताई चांगली बातमी असतेच असं नाही. सेगाचं ड्रीमकास्ट अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ला १९९ डॉलरला आलं. वर्षभरात १४९ झालं, पुढे ९९. थांबणारे जिंकले म्हणायचं? जानेवारी २००१ मध्ये कंपनीने यंत्राचं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. ९९ डॉलरला मिळत होता तो मरणपंथाला लागलेला प्राणी. कन्सोल म्हणजे फ्रिज नव्हे. फ्रिज बनवणारी कंपनी बुडाली तरी दूध थंड राहतं. कन्सोलचा उपयोग पुढे येणाऱ्या खेळांवर असतो, आणि यंत्र खपत नसेल तर खेळ करणारे त्याच्याकडे पाठ फिरवतात. थ्रीडीएस सावरलं, पुढे साडेसात कोटींच्या आसपास खपलं. त्याच कंपनीचं वी-यू सावरलं नाही, दीड कोटीच्या आतच संपलं. म्हणजे ‘स्वस्त होईल’ अशी आशा धरताना, कशामुळे स्वस्त व्हावं अशी आपली इच्छा आहे, हेही विचारायला हवं.

‘पहिल्या खेपेचा माल सदोष असतो’ हे दुसरं लाडकं अनुमान. एक्सबॉक्स ३६० बाजारात आलं नोव्हेंबर २००५ मध्ये. अनेक यंत्रं तीन लाल दिवे दाखवून मरू लागली. तापणं आणि निवणं या चक्रात आतल्या जोडण्यांना तडे जात होते. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी हमी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. या बाबतीत थांबलेल्यांचं भलं झालं. पण इथली उपाधीसुद्धा ‘पहिली खेप’ ही नाही, आराखड्यातला दोष ही आहे. दोन वर्षं थांबून त्याच आराखड्याचं यंत्र घेतलं असतं तर काय मिळवलं? म्हणून थांबायचं असेल तर ‘सुधारित आराखडा आला का’ याची वाट पाहा. कॅलेंडरकडे पाहून काही कळत नाही.

हे मी इतकं का ताणतोय? एका श्रोत्यांनी पाठवलेला मजकूर, नाव न घेता, सांगतो. मुलगा नववीत आहे. वडिलांनी त्याला सांगितलंय, ‘दहावी झाली की घेऊ, तोवर स्वस्तही होईल.’ त्यांचा प्रश्न होता, हे बरोबर आहे ना?

या एका वाक्यात दोन कारणं आहेत आणि ती वेगळ्या जातीची आहेत. ‘दहावी झाली की’ हा निर्णय आहे. तो बापाचा अधिकार आहे, त्यावर वाद घालता येईल, पण त्याला खरं-खोटं लागू होत नाही. ‘स्वस्त होईल’ हे अनुमान आहे. ते खोटं ठरू शकतं. दहावी संपेल, किंमत वाढलेली असेल, आणि घरात दोन गोष्टी होतील. बापाला जास्त पैसे मोजावे लागतील हे किरकोळ. मुलगा म्हणेल, बाबा कारण सांगत नव्हते, वेळ मारून नेत होते. पहिल्या कारणाचीही पत जाईल. तेव्हा दुबळं कारण भक्कम कारणाच्या टेकूला लावू नका. दहावीचं कारण पुरेसं वाटत असेल तर तेवढंच सांगा. पैशांची अडचण असेल तर ती सांगा. चौदा वर्षांच्या मुलाला हप्त्यांचं गणित समजतं, आणि ते समजावून सांगणं हा त्याचा मानच आहे.

आणि थांबण्याचाही खर्च मांडा. पावती येत नाही म्हणून तो नसतो असं नाही. चौदाव्या वर्षी सोसायटीतली चार पोरं संध्याकाळी एकत्र जमून खेळतात. सतराव्या वर्षी एक कोट्याला गेलेला असतो, एकाचा क्लास रात्री नऊला सुटतो. यंत्र तेव्हाही मिळेल, ती संध्याकाळ मिळणार नाही. यावरून ‘लगेच घ्या’ असं मी म्हणत नाहीये. पलड्यात हेही टाका, एवढंच. परीक्षेचं पारडं तरीही जड भरू शकतं.

मी स्वतः विचारीन तो प्रश्न असा : कोणता खेळ? नाव सांगा. स्विच २०१७ मध्ये आलं त्याच दिवशी ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आला. तो खेळायचाय, आणि जुनं वी-यू घरात नाही, असं कोणी म्हणालं तर ते कारण झालं. प्लेस्टेशन ५ चं उलट. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ नोव्हेंबर २०२२ चा, म्हणजे यंत्र येऊन दोन वर्षं झाल्यावरचा, आणि तो जुन्या प्लेस्टेशन ४ वरही खेळता येत होता. घरात ४ होतं त्यांना घाई करायला फारसं कारण नव्हतं. नाव सांगता आलं नाही, तर हवी आहे ती नवलाई. नवलाई हवी असण्यात पाप नाही, लग्नात आपण तिच्यावर लाखो उधळतो. पण तिची किंमत वेगळी लिहा, म्हणजे ती यंत्राच्या नावावर खपत नाही.

घ्यायचं ठरलंच तर दोन व्यवहारी गोष्टी. छापील किंमतीहून जास्त मागणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका. सीलबंद मालावर छापील किंमतीपेक्षा जास्त घेणं आपल्याकडे बेकायदा आहे. आणि पक्कं बिल घ्या, हमीच्या वेळी तेच कामाला येतं.

डिस्कची आवृत्ती की बिनडिस्कची, असंही काहींनी विचारलंय. २०२१ मध्ये दहा हजारांचा फरक होता आणि तो भुरळ पाडायचा. डिस्क मित्राला देता येते, विकता येते, जुन्या बाजारात अर्ध्या किमतीत घेता येते. डाउनलोड केलेला खेळ यातलं काही करू देत नाही. मग तो विकत घेतला म्हणजे नेमकं काय घेतलं? खेळ घेतला, की खेळण्याची परवानगी? स्वत्व आणि स्वामित्व यांवर न्यायग्रंथांत बराच खल आहे, आणि तो आजच्या वेळेत बसणारा नाही. पुढच्या व्याख्यानात तोच विषय घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा.