सुट्टींतील संगीत-शिबिर : पालकांनीं काय पाहावें ?

वार्षिक परीक्षा जवळ आली, कीं व्हायोलिन शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांचे पालक एखादें रंगीत माहितीपत्रक घेऊन भेटावयास येतात व विचारतात, "सर, मुलाला या शिबिरास पाठवावें काय ?" अशीं मुलें नशिराबादेस मोजकींच असलीं, तरी प्रश्न लहान नाहीं. केळीच्या बागेंतून वर्षाकाठीं जे चार पैसे हातीं राहतात, त्यांतूनच शिबिराचें शुल्क, आगगाडीचें भाडें व राहण्याचा खर्च काढावयाचा असतो. यास्तव या विषयीं आम्हांस जें ठाऊक आहे, तें एकवार मांडून ठेवावें असें वाटलें.

प्रथम, हें शिबिर कशासाठीं असतें तें समजून घेऊं. पाश्चात्य संगीतांत 'चेंबर म्युझिक' म्हणून एक प्रकार आहे. त्यास आपण दालनसंगीत म्हणूं. कारण तें मूळचें मोठ्या सभागृहासाठीं नसून घरांतील दालनासाठीं निर्माण झालें. मोठ्या वाद्यवृंदांत दहाबारा व्हायोलिनवादक एकच ओळ वाजवितात व समोर संचालक उभा असतो. दालनसंगीतांत संचालक नसतो आणि प्रत्येकाची ओळ निराळी असते. त्याचा प्रसिद्ध नमुना म्हणजे तंतुवाद्यांचें चतुष्टय : दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. ऑस्ट्रियाचा हायडन (१७३२–१८०९) यानें या प्रकारास थोर रूप दिलें.

आपल्या बैठकींत तबलजी गायकाच्या मुद्रेकडे पाहून समेवर कसा येतो, तें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस यांतील मर्म सहज कळेल. भेद इतकाच कीं, येथें एक मुख्य व दुसरा साथीदार असें कायमचें नातें नसतें. सुरावट एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जाते; ज्यानें आतां ती वाजविली, त्यानें पुढच्याच क्षणीं आवाज लहान करून दुसऱ्यास वाट द्यावयाची. खोलींत एकट्यानें सराव केलेला हुशार मुलगाही पहिल्या दिवशीं यांत गडबडतो. आपली ओळ सांभाळावी, तर दुसऱ्याची ऐकूं येत नाहीं. दुसऱ्याची ऐकावी, तर आपली हरवते. ही विद्या एकट्यास साधत नाहीं, आणि आपल्या गांवांत चेलो वाजविणारा सोबती मिळावा कोठून ? शिबिराची खरी गरज आहे ती येथें. केवळ बोटें चपळ व्हावयाचीं असतील, तर मे महिन्यांत घरींच रोज दोन तास बसावें. पैसे तरी वांचतील.

ही विद्या आपल्या देशांत नवी नाहीं. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत असत. मुंबईंत मेहली मेहता (१९०८–२००२) यांनीं वाद्यवृंद उभारला आणि चतुष्टयही चालविलें. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं मुंबईंतच दुसरा वाद्यवृंद स्थापन केला. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी' या १९७७ च्या चित्रपटांतील ज्या गाण्यावर आमचे विद्यार्थी स्नेहसंमेलनांत नाचतात, त्यांतील नांव या गुरूचें आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें ! आजही पणजीच्या कला अकादमींत पाश्चात्य संगीताचा स्वतंत्र विभाग आहे. अमेरिकेंत मिशिगन प्रांतीं इंटरलॉकन येथें १९२८ पासून शाळकरी वादकांचें उन्हाळी शिबिर भरतें. व्हरमाँटमधील मार्लबरो येथें १९५१ पासून नामांकित वयस्क वादक तरुणांच्या शेजारीं बसून एकाच गटांत वाजवितात. ही दुसरी रीत आम्हांस फार मोलाची वाटते. गुरु शेजारीं बसून वाजवूं लागला, म्हणजे तो श्वास कोठें घेतो, धनु केव्हां उचलतो, हें न सांगतां समजतें.

आमची एक चूक येथें कबूल केली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं छायाचित्रें पाहूनच आम्हीं एका मुलास एका शिबिरास धाडलें. तेथें साठ मुलांच्या घोळक्यांत त्यास मागच्या रांगेंत बसविलें. दहा दिवस समारोपाच्या कार्यक्रमाचीं तीनच गीतें घोटून घेतलीं. त्याचें एकट्याचें वाजविणें कोणीं ऐकिलेंच नाहीं. तो प्रमाणपत्र घेऊन परतला. त्याच्या वडिलांनीं आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं, आणि तेंच आम्हांस अधिक बोंचलें.

तेव्हांपासून आम्ही पालकांस सांगतों, कीं छायाचित्रें बाजूस ठेवून रोजचें वेळापत्रक मागवा. गटांत मुलें किती ? तीन ते पांच असावींत. शिक्षक त्या गटाजवळ रोज किती वेळ बसतो ? प्रारंभीं जुळलेला गट शेवटपर्यंत तोच राहतो काय ? स्वरलिपि आधीं टपालानें वा फोनवर येते, कीं तेथें गेल्यावर हातीं पडते ? आधीं येत असेल, तर चालकांस काम कळतें असें समजावें. प्रवेशापूर्वीं मुलाचें वादन ऐकण्याचा आग्रह धरणारें शिबिरही चांगलें. मात्र ध्वनिमुद्रण पाठवितांना वीस वेळां वाजवून त्यांतील एकच निर्दोष निवडूं नये. तसें केल्यास मुलगा आपल्या शक्तीबाहेरच्या गटांत पडतो व रडकुंडीस येतो. मुलींच्या निवासाची व्यवस्था कोण पाहतें, हें पत्रानें नव्हे, प्रत्यक्ष बोलून विचारावें. नामांकित परंतु गर्दीच्या शिबिरापेक्षां आठवड्याचें लहान शिबिर पहिल्या वर्षीं बरें, असें आमचें मत आहे.

"माझ्या मुलीस दुसरें व्हायोलिन कां ?" असें एका गृहस्थांनीं रागानें विचारलें होतें. दुसरें म्हणजे दुय्यम नव्हे. वरची सुरावट आणि खालचा चेलो यांच्या मधली भरण त्याच ओळीनें होते, आणि ती वाजविणाऱ्यास इतरांहून अधिक ऐकावें लागतें.

आतां वाद्याविषयीं. आपल्या खानदेशच्या मे महिन्यांतील कोरड्या उष्णतेनें लाकूड आक्रसतें, खुंट्या निसटतात, सांधेही उकलतात; तेंच वाद्य गोव्याच्या दमट हवेंत गेलें, कीं खुंट्या फुगून घट्ट बसतात. म्हणून निघण्यापूर्वीं तारा थोड्या सैल कराव्यात, पण सगळ्या एकदम उतरवूं नयेत, नाहींतर घोडी पडते. धनूचे केस ढिले करावेत. जळगांव किंवा भुसावळ स्टेशनापर्यंत बसच्या टपावर अगर मोटारीच्या डिकींत पेटी ठेवूं नये, मांडीवर घ्यावी. तारांचा एक जादा संच व राळ बरोबर द्यावी, आणि पोंचल्यावर एक रात्र वाद्य पेटींतच राहूं द्यावें.