काळी जमीन आणि डबक्यांतील पावसाळी जीव

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला कीं जळगांव व धुळें जिल्ह्यांतील काळ्या रानांत बांधाच्या कडेला, खळग्यांत, गाडीवाटेच्या चाकोऱ्यांत पाणी सांचतें, आणि आठ-दहा दिवसांच्या आंत त्यांत हालणारे जीव दिसूं लागतात. हे आले कोठून, असें विचारलें तर ‘आभाळांतून पडले’ असें सांगणारे लोक अद्यापि भेटतात. माशांपुरतें म्हणाल तर तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांना पूर आला म्हणजे चढणीचे मासे नाल्यांतून वर येतात, पाणी ओसरतांना डबक्यांत अडकतात, आणि पुढें बगळ्यांचें साधतें. परंतु ज्या डबक्यांना पुराचें पाणी कधींच लागत नाहीं त्यांतहि जीव दिसतात. ते आभाळांतून येत नाहींत, जमिनींतूनच येतात.

या कामांत सर्वांत निष्णात जीव म्हणजे आफ्रिकेंतील नॉथोब्रँकियस नांवाचा बोटभर मासा. किलीफिश या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या माशांपैकीं हा एक. मोझांबिक, टांझानिया, झिंबाब्वे येथील पावसाळी डबकीं हेंच त्याचें घर. त्याची एक जात झिंबाब्वेच्या गोनारेझू अरण्यांत १९६८ सालीं सांपडली व १९७१ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें. ही जात अंड्यांतून बाहेर पडल्यापासून अवघ्या पंधरा दिवसांत वयांत येते. उडीद फुलावर येण्यापूर्वींच हिची पुढची पिढी चिखलांत पुरलेली असते! डबकें आटलें कीं झाडून सारे मासे मरतात. उरतात तीं केवळ चिखलांतील अंडीं, आणि तीं उन्हाळाभर, प्रसंगीं त्याहूनहि अधिक काळ, वाढ थांबवून निजून राहतात.

यांतील खरी चतुराई आमच्या वाचकांस सहज उमगेल. पहिला पाऊस पडला कीं सारींच अंडीं फुटतात असें नाहीं. कांहीं फुटतात, कांहीं तशींच राहतात. पावसानें दडी मारली व डबकें पंधरवड्यांत आटलें तर फुटलेलीं गेलीं. राहिलेलीं पुढील पावसावर निघतात. दुबार पेरणीचें बियाणें घरांत राखून ठेवणाऱ्या कुणब्याहून ही रीत निराळी नाहीं. भेद इतकाच कीं, माशाला तें बियाणें सावकाराकडून आणावें लागत नाहीं.

दुसरी गोष्ट त्याहून लक्षांत घेण्याजोगी आहे. संशोधकांस असें आढळलें कीं, हा मासा वाटेल त्या डबक्यांत टिकत नाहीं. तळाला ओली होतांच फुगणारी व वाळतांच भेगाळणारी चिकण माती असावी लागते. वाळूच्या किंवा मुरमाच्या खळग्यांत त्याचा वंश चालत नाहीं. म्हणजे ज्या गुणामुळें आपली भारी काळी जमीन कपाशीला मानवते, त्याच गुणाची जमीन तिकडे या माशाला संभाळते. मात्र असा मासा हिंदुस्थानांत नाहीं. त्याचा दूरचा नातेवाईक, डोक्यावर पांढरा चकाकता ठिपका असलेला लहान मासा, सह्याद्रीकडील ओढ्या-तळ्यांत आढळतो. परंतु तो बारमाही पाण्याचा धनी.

आपल्याकडे हाच संसार इतर जीव करतात. दख्खनच्या पावसाळी डबक्यांत पोट वर करून पोहणारा, कांचेसारखा पारदर्शक, कोळंबीच्या वर्गांतील एक जीव असतो. दुसरा ढालीसारख्या पाठीचा व तीन डोळ्यांचा. दोघांचीं अंडीं कोरड्या मातींत वर्षानुवर्षें जगतात आणि वाऱ्याबरोबर किंवा गुरांच्या खुरांच्या चिखलाबरोबर दुसऱ्या डबक्यांत जातात. बेडकांची गोष्ट निराळी; ते अंड्यांच्या रूपानें नव्हे, स्वतःच जमिनींत दडून उन्हाळा काढतात. मोठ्या बेडकाचे नर पहिल्या पावसांत हळदीसारखे पिवळे होऊन रात्रभर ओरडतात, तें सर्वांच्या परिचयाचें आहे.

शेतकऱ्याचा रोकडा संबंध येतो तो येथें. बेडूक रात्रभर किडे खातो; कांहीं लठ्ठ जाती तर मुख्यतः वाळवी व मुंग्यांवरच जगतात. याच मोठ्या बेडकाचे पाय परदेशीं पाठविण्याचा व्यापार आपल्या देशांत एके काळीं जोरांत होता. १९८५ सालीं त्याचें नांव आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या यादींत चढलें, आणि १९८७ सालीं सरकारनें निर्यातच बंद केली. पण कपाशीवर मारलेल्या औषधांचा उतार त्याच डबक्यांत होतो. एंडोसल्फान मासे व बेडकांचीं पिलें यांस अत्यंत विषारी होतें. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यावर बंदी घातली. फवारणीचा पंप आजहि डबक्यावरच धुतला जातो, हें मात्र कोणत्याहि न्यायालयास थांबवितां येणार नाहीं.

औषधाहून मोठें संकट सपाटीकरणाचें आहे. ब्राझील देशांत अशाच वार्षिक माशांच्या कुळांतील शंभराहून अधिक जाती २०१४ सालच्या सरकारी यादींत संकटग्रस्त ठरल्या, व त्याचें एक मोठें कारण डबकीं बुजवून काढलेली शेती व बांधकामें हेंच. आपल्या शिरपूर तालुक्यांत या शतकाच्या आरंभापासून नाले रुंद व खोल करण्याचें काम झालें. विहिरींस त्याचा लाभ झाला हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. पण खोल नाला किंवा प्लॅस्टिक अंथरलेलें शेततळें हें उथळ डबक्याचें काम करूं शकत नाहीं. खोल पाण्यांत मासे वर्षभर टिकतात व बेडकांचीं पिलें खातात. प्लॅस्टिकच्या निसरड्या उतारावरून तर आंत पडलेला बेडूक वरहि येऊं शकत नाहीं. तेथें काठाला एक जाड दोर किंवा गोणपाटाची पट्टी सोडून ठेवावी. डासांसाठीं गांबुसिया मासा डबक्यांत सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊं नये. तो डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांच्या पिलांसहि सोडीत नाहीं.

ज्यांना आपल्या रानांतील डबक्यांत कांहीं आहे कीं नाहीं हें पाहावयाचें असेल त्यांनीं चैत्रांत त्याच्या तळाची ओंजळभर भेगाळलेली माती काढून पसरट घमेल्यांत घालावी, वर चार बोटें पावसाचें पाणी ओतावें (नळाचें औषध घातलेलें किंवा मचूळ विहिरीचें नको), व घमेलें उजेडांत पण कडक उन्हापासून दूर ठेवावें. बी असल्यास बहुधा दोन-तीन दिवसांत पांढरे ठिपके हालूं लागतात, आणि आठवड्याभरांत ते पोट वर करून पोहतांना दिसतात.