कार्बन पकडणार, पण किती?

नवी मुंबईजवळच्या खांदेश्वरच्या घरांत येणाऱ्या महावितरणच्या विजेत मोठा वाटा कोळशाचा आहे. त्यातला बराचसा जळतो विदर्भात, चंद्रपूर-कोराडीच्या केंद्रांत. कोराडीत 660 मेगावॉटच्या आणखी दोन संचांचा प्रस्ताव आला, तेव्हा मे 2023 मध्ये जनसुनावणी झाली आणि त्याला विरोधही झाला. कोळशाच्या अशा विस्ताराचं समर्थन करताना जगभर एक आश्वासन दिलं जातं : धुरातला कार्बन पकडू.

त्यासाठी धूर अमाइन या रसायनाच्या द्रावणातून नेतात. द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषतं. मग ते तापवून वायू मोकळा करायचा, दाबायचा आणि जमिनीखाली सोडायचा. यातच केंद्राची बरीच वीज खर्ची पडते, म्हणजे तेवढ्याच विजेसाठी कोळसा जास्त जाळावा लागतो. खाणी आणि राखेचे तलाव तर तसेच राहतात.

एनटीपीसीने 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात रोज 20 टन वायू पकडणारा प्रकल्प उभारला. पण 500 मेगावॉटचा एकच संच पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास वायू सोडतो. टेक्सासच्या पेट्रा नोव्हा प्रकल्पाने पकडलेला वायू वापरला तो जुन्या विहिरींतून आणखी तेल काढायला. 2020 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि तो बंद पडला. पुन्हा सुरू व्हायला 2023 उजाडलं.

सिमेंटसाठी चुनखडी भाजतानाच वायू निघतो. तिथे हे तंत्र उपयोगी पडू शकेल. विजेला मात्र सूर्य आणि वारा आहेत. म्हणून नव्या औष्णिक संचासाठी हे आश्वासन पुढे आलं, तर नागरिकांनी जनसुनावणीतच लेखी उत्तर मागावं : किती टन, कधीपासून आणि कुणाच्या खर्चाने?