दाहक शस्त्रे
दाहक शस्त्रे : रासायनिक विक्रियेतून निर्माण होणाऱ्या ज्वाला किंवा उष्णता यांच्या योगे वस्तूंना आग लावणे अथवा माणसांना भाजून जायबंदी करणे हा ज्यांचा मुख्य उद्देश असतो, अशा युद्धसाधनांना दाहक शस्त्रे म्हणतात. नापाम, थर्माइट व पांढरा फॉस्फरस हे त्यांत वापरले जाणारे प्रमुख पदार्थ होत. १९४२ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठात तयार झालेले नापाम हे पेट्रोलचे जेलीसारखे दाट मिश्रण असून ते त्वचेला चिकटून जळत राहते. पांढरा फॉस्फरस सु. ३०° से. तापमानास हवेत आपोआप पेट घेतो.

अग्नीच्या वापराविषयी भारतीय परंपरेत प्राचीन काळापासून विचार झालेला आढळतो. मनुस्मृतीत पेटत्या टोकाच्या बाणांचा वापर निषिद्ध मानला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात दुर्गाला आग लावण्याची मिश्रणे सांगितली असली, तरी पराक्रमाने दुर्ग जिंकता येत असेल तर अग्नीचा अवलंब करू नये, असेही बजावले आहे. कारण अग्नी भरवशाचा नसतो आणि तो माणसे, धान्य व पशू यांचा सरसकट नाश करतो.

याचा प्रत्यय रायगडच्या वेढ्यात आला. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने गडावर उखळी तोफांचा मारा केला. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई त्या वेळी गडावर होती. गोळ्यांमुळे लागलेल्या आगीत गडावरील वास्तू भस्मसात झाल्या व १० मे रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. दुसऱ्या महायुद्धात या संहाराचे प्रमाण कमालीचे वाढले. ९–१० मार्च १९४५ च्या रात्री टोकिओवर टाकलेल्या दाहक बाँबमुळे सु. एक लाख लोक मरण पावल्याचा अंदाज आहे.

सेंट पीटर्झबर्ग येथील १८६८ च्या घोषणेने ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या स्फोटक वा ज्वालाग्राही प्रक्षेपकांवर स्वाक्षरीकर्त्या राष्ट्रांपुरती बंदी घातली. पुढे व्हिएटनाम युद्धातील नापामच्या वापरावर जगभर टीका झाली आणि १९८० मध्ये पारंपरिक शस्त्रांविषयीच्या कराराला जोडलेला तिसरा मसुदा संमत झाला. तो १९८३ मध्ये अंमलात आला. भारताने १९८४ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. त्यानुसार नागरिकांवर दाहक शस्त्रांनी हल्ला करणे, तसेच नागरी वस्तीत असलेल्या लष्करी लक्ष्यावर ती विमानातून टाकणे पूर्णतः निषिद्ध आहे. जमिनीवरून मारा करताना मात्र, लक्ष्य वस्तीपासून स्पष्टपणे अलग असेल व शक्य ती सर्व खबरदारी घेतली असेल, तर सवलत मिळते. सैनिकांविरुद्ध या शस्त्रांचा वापर मसुद्याने सर्वस्वी वर्ज्य केलेला नाही.

मसुद्यातील व्याख्या शस्त्राच्या परिणामावर नव्हे, तर त्याच्या रचनेमागील हेतूवर आधारलेली आहे. त्यामुळे धूर किंवा प्रकाश निर्माण करण्यासाठी बनविलेला फॉस्फरसचा गोळा तिच्या बाहेर राहतो. रायगडासारखी आग स्फोटक गोळ्यांनी लागल्यास तिलाही हा मसुदा लागू होत नाही. तेथे नागरिकांच्या संरक्षणाचे युद्धविषयक सर्वसाधारण नियमच लागू पडतात. भाजलेल्या माणसाच्या दृष्टीने या भेदाला अर्थ नसल्याने व्याख्या परिणामाधिष्ठित करावी, अशी मागणी अनेक राष्ट्रांनी व मानवतावादी संघटनांनी केली आहे.