बीदरचा बिनमालकी रस्ता

उदगीर-भालकीकडून येणाऱ्याला बीदर परकं वाटत नाही. दुकानाची पाटी कन्नड, घासाघीस दखनीत, आणि आपण गोंधळलो की उत्तर मराठीत. शिवाय हे गाव विठोबाच्याही पायाखालचं. दुष्काळात दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची कोठारं लोकांना खुली केली, तेव्हा विठू महाराच्या रूपात देव पैसे चुकते करायला आला तो इथल्याच दरबारात, असं आपण ऐकत आलोय. म्हणजे बीदरशी आपला व्यवहार रोखीचा, उधारीचा नव्हे.

बाकी इतिहास भराभर सांगतो. पंधराव्या शतकात बहामनींनी राजधानी गुलबर्ग्याहून इथे हलवली. महमूद गावान या वजिराने १४७२ मध्ये मदरसा उभारला आणि १४८१ मध्ये त्याच्याच सुलतानाने त्याचं डोकं उडवलं. मदरसा उभा राहिला त्याच सुमारास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी आपला घोडा इथे विकून गेला. त्या काळी बीदर ही दूरवरच्या माणसांची बाजारपेठ होती, एवढं ध्यानात ठेवायचं.

जुन्या गावाच्या मधोमध चौबारा आहे, ७१ फुटी गोल मनोरा. तिथून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मदरसा लागतो, तख्त-ए-किरमाणीची कमान लागते आणि अधूनमधून दुकानं. सावकाश गेलं तरी पायी जाण्याजोगं अंतर आहे, पण पायी जाणारा पर्यटक मला फारसा दिसला नाही. गाड्या थेट किल्ल्याच्या दारात जातात आणि तिथूनच परत फिरतात. एका कापडवाल्याने सांगितलं की, परगावचं गिऱ्हाईक त्याला गाडीच्या काचेतूनच दिसतं.

मी मात्र एका बिदरीवाल्याच्या, म्हणजे धातूच्या भांड्यांवर चांदी जडवणाऱ्या कारागिराच्या, दारात अडकलो. खोली लहान, जमीन काळवंडलेली, लाकडी पाटावर सुरई घट्ट धरून म्हातारे चाचा कलम चालवत होते. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, कानशीने घासून गुळगुळीत करतात आणि मोरचुदाचं पाणी फासतात. त्याने वरचा थर तेवढ्यापुरता काळा होतो आणि कोरलेली रेघ नीट दिसते. त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवली की ती तारकशी. पत्रा बसवला तर तहनिशान. मग झिलई. इथवर सगळं भांडं करडं-पांढरंच. चांदी कुठे आणि जस्त कुठे, माझ्या डोळ्यांना कळेना.

खरी गंमत शेवटच्या पायरीला. किल्ल्यातल्या जुन्या भागांतली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती आणतात. ती नवसागराबरोबर कालवून गरम भांड्यावर चोळली की जस्त गर्द काळं पडतं आणि चांदी पांढरी राहते. माती चांगली की वाईट, हे चाचा जिभेवर चाखून ठरवतात. मलाही चिमूट पुढे केली होती. मी मानेनेच नको म्हटलं.

चांदीचे भाव चढले की गिऱ्हाईक लहान वस्तूंवर येतं, आणि सुरईला लागलेली मेहनत कानातल्यांत कशी निघणार, हे चाचांचं गाऱ्हाणं. पोरं हैदराबादला गेली.

सरकारने काहीच केलं नाही, असंही नाही. बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शाह रशीद अहमद कादरी या इथल्याच कारागिराला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज मिळतं. पण तिच्या १८ व्यवसायांत लोहार, सोनार, कुंभार सगळे आहेत. बिदरी कारागीर स्वतंत्र नावाने नाही. हातगाडीवाल्यांसाठी २०२० पासून पंतप्रधान स्वनिधी योजनेचं कर्ज आहे. राज्यघटनेच्या कलम ३७१ (जे) मुळे या भागाच्या विकासासाठी वेगळं मंडळ आणि वेगळा निधीही आहे. २०१४ मध्ये तर वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने जपणूक हवी असलेल्या स्थळांच्या यादीत हे ऐतिहासिक शहर घातलं.

मग अडलं कुठे? किल्ला आणि मदरसा पुरातत्त्व खात्याचा, कारागीर हस्तकला खात्याचा, गटार नगर प्रशासनाचं. दुकानदार ज्याचा तो. चौबाऱ्यापासून किल्ल्यापर्यंतचा रस्ता एक बाजार म्हणून कोणाच्याच ताब्यात नाही. अमेरिकेत १९८० पासून ‘मेन स्ट्रीट’ नावाने जुने बाजार सावरण्याचं काम चालतं. तिथे इमारतींच्या डागडुजीइतकंच महत्त्व त्या रस्त्यासाठी खास नेमलेल्या माणसाला आणि दुकानदारांच्या एकीला असतं. आपल्याकडे दिल्लीच्या चांदनी चौकात २०२१ पासून लाल किल्ला ते फतेहपुरी या पट्ट्यात दिवसा मोटारींना बंदी आहे. ती रोज पाळली जाते असं नाही, पण निदान तसा नियम आहे.

बीदरला एवढं मोठं काही नको. गाड्या अडवून रविवारचे चार तास रस्ता पायी चालणाऱ्यांना द्यावा, कारागिरांच्या गल्लीकडे बाण दाखवणाऱ्या पाट्या लावाव्यात, एक बरं स्वच्छतागृह बांधावं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा कापडवाल्याने आधी विचारलं, माल उतरवायचा टेम्पो कुठे उभा करायचा? प्रश्न रास्त आहे, आणि रविवारचा बेत आखणाऱ्याने सुरुवात त्याच्यापासूनच करावी.