गळ आणि पाणी, लेखांक ६ : रबरी बेडूक आणि थांबलेला हात

मागच्या आठवड्यात आपण दोरी आणि गाठी पाहिल्या. आज दोरीच्या टोकाला काय लावायचं ते पाहू. नेर, दारव्हा, दिग्रसकडच्या तलावांवर गळ टाकणाऱ्या पोरांकडे गांडुळांच्या डब्याच्या जोडीला रबरी बेडूक आणि रबरी गांडूळही असतात. बरेच जण ते दोन दिवस फेकतात आणि ‘मरळ याला पाहतसुद्धा नाही’ म्हणून डब्यात टाकून देतात. मरळ पाहते. आपण तिला पाहायला वेळ देत नाही.

गळाचा छंद आपल्या मुलखाला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मासेमारीचा विनोद म्हणून स्वतंत्र विचार आहे. मऊ प्लास्टिकचं आमिष मात्र अलीकडचं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अॅक्रन इथे निक क्रीम आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी १९४९ साली घरच्या घरी प्लास्टिकचं गांडूळ ओतून काढलं. पुढे ते गळावर चढवायची एक पद्धत ‘टेक्सास रिग’ या नावाने जगभर गेली. आपल्या तलावांना ती फार सोयीची आहे, कारण मरळ जिथे दबा धरून बसते तिथे पाणकणीस, जलपर्णी आणि काठाची बेशरम असते. उघडा गळ पहिल्याच फेकीत अडकतो.

ही पद्धत सावकाश समजून घ्या. मानेजवळ पायरीसारखा वाकवलेला ‘ऑफसेट’ गळ घ्या. दहा-बारा सेंटिमीटरच्या गांडुळाला ३/० क्रमांकाचा चालतो. आधी गोळीच्या आकाराचं पाच-सात ग्रॅमचं शिसं दोरीत ओवा, त्याचं निमुळतं तोंड रॉडकडे असू द्या. मग गळ बांधा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात बरोबर मध्यावर खुपसा आणि अर्ध्या सेंटिमीटरवर पोटाच्या बाजूने बाहेर काढा. डोकं गळाच्या मानेपर्यंत सरकवा आणि गळ अर्धा फिरवा, म्हणजे टोक अंगाकडे येईल. आता गांडूळ मोकळं लोंबू द्या. गळाचा बाक अंगाला जिथे टेकतो, तिथे नखाने खूण करा. त्या खुणेतूनच टोक आरपार न्या आणि पाठीच्या कातडीत जरासं लपवा.

सगळी मेख त्या खुणेत आहे. ती दोन-तीन मिलिमीटर चुकली तरी गांडुळाला कुबड येतं. असं गांडूळ पाण्यात भिंगरीसारखं फिरतं, दोरीला पीळ पडतो आणि माशाला ते खाण्याजोगं वाटत नाही. रॉड उचलण्याआधी काठाजवळच्या पाण्यात ते एकदा ओढून पाहा. सरळ येत नसेल तर काढा, पुन्हा चढवा.

आता फेकण्याची गोष्ट. रबरी गांडूळ पाण्यात पडलं की रीळ फिरवू नका. ते तळाकडे जात असतानाच मासा बऱ्याचदा त्याला तोंड लावतो. दोरीवर नजर ठेवा. ती आडवी सरकली किंवा वेळेआधीच सैल पडली, तर समजा की खाली कुणीतरी आहे. तळाला टेकल्यावर रॉडचं टोक हातभर उचला आणि आमिष पुन्हा पडू द्या.

पोकळ बेडकाचे दोन गळ त्याच्या पाठीला चिकटून असतात. माशाने चावल्यावर अंग दबतं आणि तेव्हाच ते उघडे पडतात. म्हणून बेडूक थेट जलपर्णीवर टाकता येतो. तो पानांवरून हळू ओढत मोकळ्या पाण्याच्या कडेशी आणा आणि थांबवा. पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत हलवू नका. मरळ अधूनमधून हवा घ्यायला वर येते. तिची ती गोल लाट दिसली, तर बेडूक त्या जागेच्या थोडा पलीकडे टाकून अलगद तिकडे आणा.

मग पाणी फुटतं आणि नवखा माणूस तिथेच चुकतो. आवाज ऐकून तो झटका देतो, बेडूक रिकामा उडून येतो. एका तलावावर माझी अशी तिसरी मरळ सुटली, तेव्हा शेजारी बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, “दम खाय ना, बाप्पा. आधी तिले तोंडात घेऊ दे.” तेव्हापासून मी दोरीला ओढ लागेपर्यंत मनात एक-दोन म्हणतो आणि मगच रॉड मागे घेतो.

रबरी बेडकाचं मला आणखी एका कारणाने मोल वाटतं. त्याच्यामुळे जिवंत बेडूक गळाला टोचावा लागत नाही. बेडूक शेतातली कीड खातो; तो घटू लागला म्हणूनच भारताने १९८७ साली बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. पण रबर पाण्यात कुजत नाही आणि माशाच्या पोटात गेलं तर पचतही नाही. फाटलेला तुकडा खिशात घालून घरी आणा.

तलावावर जाण्याआधी तो कुठल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे ते विचारा आणि परवानगी घ्या. आपल्याला छंद आहे, त्यांची त्यावर चूल पेटते.

पावसाळ्यात पाण्यावर नारिंगी-तांबूस पिल्लांचा झुबका हलताना दिसेल. त्याच्याखाली मरळीची जोडी राखणीला असते. त्या झुबक्यावर बेडूक टाकला तर ती पिल्लं वाचवायला धावते आणि सहज गळाला लागते. राखण करणारी गेली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. तिथे रॉड खाली ठेवा, पिल्लं पुढे सरकेपर्यंत काठावर बसून पाहा आणि तशीच जाऊ द्या.

पुढच्या आठवड्यात : गळाला लागलेली मरळ इजा न होता हाताळायची आणि सोडायची कशी.